दिवेकर कुठले?

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘तू दिवेआगरचा ना? मग हे तुझ्या गावचं.’ फोटोत शेवाळ धरलेला एक दगड होता, कबरीवरचा. वर चार ओळी हिब्रू, खाली तीन ओळी मराठी. मराठीतल्या पहिल्या ओळीच्या शेवटी स्वच्छ कोरलेलं होतं : दिवेकर.

मित्राचं आडनावही तेच. आम्ही तीन वर्षं एका टीममध्ये आहोत, एकमेकांचा कोड तपासतो, एकमेकांचे डबे खातो. पण त्याच्या आडनावात माझं गाव आहे हे दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. फोटो त्याच्या आत्याने इस्रायलमधल्या अश्दोदहून पाठवला होता. दगड आत्याच्या आजोबांचा, मुंबईतल्या एका ज्यू दफनभूमीतला. आत्याला घराण्याची वंशावळ करायची होती. भाचा कॉम्प्युटरवाला, तेव्हा हे काम त्याचंच असं तिने ठरवून टाकलं होतं. भाच्याने ते माझ्याकडे ढकललं. (घरात एकजण सॉफ्टवेअरमध्ये असला की बंद पडलेल्या प्रिंटरपासून खापरपणजोबांपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात पडतं.)

मी सुरुवातच चुकीची केली. दगडाला मी डेटा समजलो. नाव, बापाचं नाव, मृत्यूची तारीख, असे तीन रकाने केले आणि हिब्रू तारीख इंग्रजीत बदलणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत असते. दगडावरच्या सालात चार अक्षरं होती : तव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०, टेट ९. बेरीज ६७९. हजार लिहायचे नाहीत असा प्रघात आहे, वाचणाऱ्याने ५००० मनातल्या मनात मिळवायचे. दोन हजार साल उजाडताना सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवणाऱ्या प्रोग्रॅमर लोकांची केवढी घाबरगुंडी उडाली होती, हे आम्हाला कॉलेजात गोष्टीसारखं शिकवलं होतं. इथे एक अख्खा समाज शतकानुशतकं हजार गाळून लिहितोय आणि कुणाचं काही बिघडत नाही.

दिवसाची अक्षरं टेट आणि वाव, ९ अधिक ६, म्हणजे पंधरा. सरळ १० अधिक ५ का नाही? तर त्या किमतीची योद आणि हे ही अक्षरं शेजारी आली की देवाच्या नावाचा तुकडा तयार होतो, आणि तो मोजणीसाठी वापरायचा नाही. महिना शेवात. म्हणजे १५ शेवात ५६७९. स्क्रिप्टने उत्तर दिलं : १६ जानेवारी १९१९.

खालच्या मराठी ओळीत मात्र ‘ता. १५ जानेवारी १९१९’ असं कोरलं होतं. स्क्रीनवर लाल अक्षरात ‘मिसमॅच’. मी मित्राला कळवलं की दगड कोरणाऱ्याने एका दिवसाची चूक केली आहे, आपण १६ धरू. त्याने ते आत्याला कळवलं. दहा मिनिटांत आत्याची व्हॉइस नोट आली, चढ्या आवाजात : ‘चूक कसली रे? आजोबा दिवेलागण झाल्यावर गेले. माझी आजी सांगायची.’

ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. १५ जानेवारीच्या संध्याकाळी सूर्य बुडाला तेव्हाच १५ शेवात लागला. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्रीपर्यंत पंधराच होती. दोन्ही ओळी बरोबर होत्या. दोन तारखांमधल्या एका दिवसाच्या फरकात माणूस रात्री गेला हे लिहून ठेवलेलं होतं, आणि मी तो फरक दुरुस्त करायला निघालो होतो.

त्यानंतर मी कबरींवरचे लेख एखादा साहित्यप्रकार वाचावा तसे वाचायला लागलो. हा लेख त्याबद्दल आहे. गंमत म्हणून नाही, कारण या दगडांचं चुकीचं वाचन झालं तेव्हा जिवंत माणसांना त्याचा त्रास झालेला आहे. तिकडे येतोच.

दगडावर लिहिणं हा लेखनाचा बहुधा सगळ्यात आखूड आणि महाग प्रकार. अक्षरागणिक पैसे पडतात, खोडता येत नाही आणि जागा हातभर. त्यामुळे जे आहे ते कुणीतरी निवडून घेतलेलं असतं. बेने इस्राएलांच्या दगडांवर बहुतेकदा दोन भाषा असतात, कधी इंग्रजी धरून तीन. वाचणाऱ्याला वाटतं एकाचा दुसऱ्यात अनुवाद असेल. तसा तो नसतो. वरचा हिब्रू भाग ठरलेल्या साच्यातला असतो. सुरुवातीला पे आणि नून ही दोन अक्षरं, ‘इथे पुरलं आहे’ याचं लघुरूप. मग अमुक बेन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा, बाई असेल तर ‘बत’, मुलगी. शेवटी पाच अक्षरं, मृताच्या जिवासाठी केलेल्या एका प्रार्थनेची आद्याक्षरं. इतर अनेक ज्यू दफनभूमींतही असा साचा दिसेल. आत्याच्या आजोबांच्या दगडावर या भागात आडनाव नाही, गाव नाही. आहे ते फक्त बापाचं नाव.

माणूस कोकणातला होता हे कळतं ते खालच्या तीन ओळींत. तिथे आडनाव आहे, इंग्रजी तारीख आहे आणि नावही बदललेलं आहे. या समाजात बायबलातल्या नावांना मराठी रूपं होती. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. वर ‘यित्झहाक बेन मोशे’ वाचून तुम्ही खाली आलात आणि ‘इसाजी मुसाजी’ दिसला, तर ती दोन माणसं नाहीत. पण नुसत्या अक्षरांची तुलना करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टला ती दोनच दिसणार. उलट जुने मराठी कागद चाळलेला कुणीही बेन पाहून थबकेल, कारण आपल्याकडे मोडी कागदांत मुलासाठी ‘बिन’ आणि बायकोसाठी ‘कोम’ लिहायची पद्धत होती. आपला बिन अरबी-फारशीतून आलेला, दगडावरचा बेन हिब्रू, आणि दोघांचं मूळ एकच. एखाद्या कारकुनाने ‘मुसाजी बिन इसाजी’ लिहिलं असेल तर त्याने नकळत दोन्ही भाषांत बरोबर लिहिलं.

आता दिवेकर. फोटो आला त्यानंतरच्या दिवाळीत मित्राला घेऊन मी गावी गेलो. ओटीवर बसलेल्या माझ्या आजीने पहिला प्रश्न विचारला तो कोकणातला नेहमीचा, ‘कुणाचे तुम्ही?’ मित्र म्हणाला, ‘दिवेकर.’ आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘इथे दिवेकर नाव कुणाचं असायचं? इथल्याला कोण दिवेकर म्हणेल?’

आजीने आडनावांचं अख्खं शास्त्र एका प्रश्नात सांगून टाकलं. गावात सगळेच गावचे असतात, तिथे गावाच्या नावाने ओळखून उपयोग नाही. माणूस रोह्याला किंवा मुंबईला गेला की तिथले लोक त्याला दिवेकर म्हणणार. म्हणजे हे आडनाव बहुधा दिवेआगर सोडलेल्याचं, आणि इतर कुणीतरी दिलेलं. बेने इस्राएलांची अशी शंभरावर आडनावं आहेत : पेणकर, रोहेकर, झिराडकर, नागावकर, अष्टमकर, राजपूरकर. नकाशावर टिंबं मांडत गेलात तर अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धनचा सगळा पट्टा भरतो. हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. पण या टिंबांवरून कुळ सांगता येत नाही. दिवेकर हिंदूंतही आहेत, आणि गावावरून ‘कर’ लावायची रीत कोकणी मुसलमानांतही आहे. दोन दिवेकरांना जोडणारी गोष्ट रक्त असेलच असं नाही, कधीकाळी एकाच समुद्राचं वारं खाल्लेलं असेल, बस.

गंमत अशी की माझं गाव लिखित पुराव्याच्या बाबतीत गरीब नाही. दिवेआगरात सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या सुरुवातीच्या लेखांत मोजतात. तो शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्यात घैसास हे आडनाव येतं आणि चित्पावनांच्या आडनावांचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून त्याकडे बोट दाखवतात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख तर त्याच्याही आधीचा, शके ९३४ चा. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर तांब्यावर आणि दगडावर नावं कोरली जात होती. पण कुणाची? ज्यांच्यात दान, जमीन, सोनं यांचे व्यवहार झाले त्यांची. तेलाच्या घाण्यावर बसणाऱ्याचं नाव तांब्यावर यायचं काही कारण नव्हतं, मग तो ज्यू असो की आणखी कुणी.

अक्षर नसलेला दगड कसा वाचायचा हा प्रश्न इथे येतो. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेतं इथेच पुरली. त्या दफनभूमीच्या जागी आज स्मारक आहे. जुन्या कबरींवर नाव नाही, तारीख नाही. (समुद्रातून आलेल्या चौदा जणांची गोष्ट चित्पावनांच्या परशुरामकथेतही आहे. कोकणात कुळकथा सांगायची म्हटलं की चौदा हा आकडा कसा कोण जाणे हजर असतो.)

या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो हाइम सॅम्युएल केहीमकरांनी. आडनाव किहीमचं, जे नवगावच्या शेजारीच. ‘द हिस्टरी ऑफ द बेने इस्राएल ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं आणि छापलं गेलं चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. ज्याला या विषयात काहीही करायचं आहे त्याला हे पुस्तक टाळता येत नाही. लग्नात काय करतात, कोणत्या सणाला काय शिजतं, नावं कशी बदलली, याबद्दल केहीमकर लिहितात तेव्हा पानापानावर घरात वावरलेला माणूस दिसतो. पण नवगावपाशी आले की ते वकील होतात. अँटिओकस एपिफेनीस राजाच्या छळाला कंटाळून लोक निघाले, म्हणजे इ.स.पू. १७५ च्या सुमारास, आणि हे पाहा त्यांचे दफनाचे उंचवटे, अशी त्यांची मांडणी आहे. उंचवट्यात माणसं पुरलेली असू शकतात, पण उंचवटा साल सांगत नाही. रिकाम्या दगडावर केहीमकरांनी त्यांना हवी असलेली तारीख वाचली.

पहिल्या वाचनात मला याचा राग आला होता. डेटा नसताना रकाना भरणं हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हा माणूस अशा काळात लिहितोय जेव्हा त्याच्या लोकांना ‘तुम्ही ज्यू कशावरून?’ असं सतत विचारलं जात होतं. आणि तो प्रश्न कबरींपर्यंत पोचला होता. १८३६ मध्ये मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी सरकारकडे मागणी केली होती की सामाईक दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्या. ज्यांच्या मेलेल्या माणसांशेजारी पडून राहायलाही कुणाची ना होती, त्यांचा इतिहास लिहिणारा माणूस रिकामा दगड रिकामा कसा सोडेल?

केहीमकरांनी जिथे जोर द्यायला हवा होता ती जागा वेगळी होती असं मला वाटतं. दगडावर अक्षर कधी आलं, आणि का, हा खरा इतिहासाचा प्रश्न. कोकणातल्या या लोकांना मुखाने म्हणायची एक मुख्य प्रार्थना येत होती, शनिवार आणि काही सण पाळले जात होते. हिब्रू लिहिता-वाचता येणारे मात्र जवळजवळ नव्हते. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या मराठी शाळा आल्या, जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. १८४६ मध्ये वल्हांडणाची हगादा मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि त्यांनी ढीगभर प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. म्हणजे आत्याच्या आजोबांच्या दगडावरच्या त्या चार हिब्रू ओळी ‘प्राचीन’ नाहीत. त्या दोन-तीन पिढ्यांच्या शाळेचं फळ आहेत, आणि ती शाळा मराठीतून भरत होती. हिब्रू वर आणि मराठी खाली हा दगडावरचा क्रम, पण शिकण्याचा क्रम उलटा होता.

मुंबईतल्या सर्वांत नावाजलेल्या दिवेकराचीही गोष्ट अशीच वाकडी जाते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे समाजी हसाजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनॅगॉग बांधलं, शआर हारहमीम. त्या भागातला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्यावरून. बेने इस्राएल सिनॅगॉगला मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं सांगतात. दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले अशी हकिगत आहे. आता कबरींवरून दिवेकर घराणं शोधायला निघा. आडनाव रायगडात, मशीद मुंबईत, मरण केरळात. दफन जिथे मरण तिथे होतं, आणि नोकरीसाठी फिरणाऱ्या घराण्याचे दगड त्याच्या बदल्यांच्या ठिकाणी विखुरतात.

आता त्रासाबद्दल. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना काढली : बेने इस्राएल वर किंवा वधू आली तर तिच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, बाहेरचं रक्त आलेलं नाही ना पाहा. ज्यू धर्मशास्त्रात मूल ज्यू की नाही हे आईवरून ठरतं, म्हणून चौकशी आईच्या बाजूची.

आता परत दगडाकडे या. अमुक बेन तमुक. अमुक बत तमुक. दोन्हीकडे तमुक म्हणजे बाप. खाली मराठीत बाई अमक्याची बायको. तिच्या आईचं नाव कुठेच नाही. हिब्रू साच्याने बाईला बापाकडून धरलं, मराठी साच्याने नवऱ्याकडून, आणि रब्बीमंडळाने विचारलं आईकडून. पणजीच्या कबरीचा दगड कुणी मुंबईहून उचलून जेरुसलेमला नेऊन ठेवला असता तरी त्या चौकशीचं उत्तर त्यावर मिळालं नसतं. आणि त्याही मागे गेलं की नवगावसारखे बिनअक्षराचे दगड. एखाद्या लेखनप्रकारात जे कधी लिहिलंच जात नाही त्याची मागणी करायची, आणि ते नाही म्हणून माणसावर संशय घ्यायचा, याला मी वाचनातली चूक म्हणतो. फक्त ती चूक अधिकाराच्या खुर्चीत बसून केलेली होती, त्यामुळे लग्नं अडली. लोकांनी आंदोलनं केली, धरणं धरलं. १९६४ मध्ये इस्रायल सरकारने बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि सूचनेतलं समाजाचं नाव रब्बीमंडळाला काढावं लागलं.

आपल्याकडचे कुळवृत्तांत यापेक्षा बरे आहेत असं समजू नका. आमच्यात दहन, त्यामुळे दगडाचा प्रश्नच नाही. मागचं शोधायचं तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, नाहीतर छापील कुळवृत्तांत. तिथेही पुरुषांची साखळी सलग आणि बायका ‘माहेरचे नाव’ या एका रकान्यात. माझ्या आजीच्या आजीचं नाव मला माहीत नाही. तुम्हाला तुमच्या माहीत आहे का, आत्ता, गूगल न करता?

अलीकडच्या पुस्तकांत सादिया शेपर्डचं ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ (२००८) याच आईकडच्या वाटेने जातं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. लेखिका अमेरिकन, आई पाकिस्तानी मुसलमान, वडील ख्रिश्चन. तेराव्या वर्षी तिला कळतं की जिला ती नाना म्हणते ती तिची आजी मुळात रेचेल जेकब्स होती, मुंबईची बेने इस्राएल. पुढे ती भारतात येते, मुंबईत आणि कोकणात फिरते. पुस्तकातली आजी विसरता येत नाही. मुसलमान घरात संसार केलेल्या या बाईच्या बाबतीत कुठलाही दगड अपुरा पडला असता आणि नातीने ते ओळखून दगडाऐवजी तिच्या बोलण्याला धरलं, हे तिचं यश. माझी तक्रार कानाबद्दल आहे. हा समाज मराठीत भांडतो, मराठीत कीर्तन करतो, इस्रायलमध्ये गेल्यावरही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतो. शेपर्डच्या पानांवर त्याचा आवाज फार लांबून येतो. इंग्रजी वाचकाला नवलाचं काय वाटेल याकडे पुस्तकाचं लक्ष जास्त, आणि ज्यू असूनही हातात बांगड्या, साडी असं ‘असूनही’ त्यात वारंवार जाणवतं. आजीच्या ओटीवर बसलेल्या माझ्या मित्राच्या बाबतीत ‘असूनही’ कुठे घालायचं मला कळलं नसतं. तो रोठा सुपारीचा भाव विचारत होता.

आणि मग आमच्या धंद्याची पोरं. ‘फाइंड अ ग्रेव्ह’, ‘बिलियनग्रेव्हज’ अशा साइटवर जगभरचे हौशी लोक कबरींचे फोटो चढवतात आणि नाव-तारीख टाइप करतात. मला हे काम मनापासून आवडतं, पावसात दगड झिजतायत आणि फोनचा कॅमेरा तेवढा तरी टिकाव धरतो. ज्यूइशजेनच्या दफननोंदींत हिब्रू तारखेला जागा आहे, ते त्यातल्या त्यात समजूतदार. पण बहुतेक ठिकाणी मृत्यूच्या तारखेला रकाना एकच. तिथे आत्याच्या आजोबांची १५ लिहा किंवा १६, रात्र जाणारच. नाव एकच लिहायचं, म्हणजे इसाजी किंवा यित्झहाक यांपैकी एकजण जाणार. मी हे दुसऱ्यांना ऐकवतोय, पण माझ्या स्क्रिप्टमधला लाल ‘मिसमॅच’ याच विचारातून आलेला होता. आता तिथे दोन तारखा शेजारी शेजारी राहतात आणि फरक एका दिवसाचा असेल तर स्क्रिप्ट विचारते, ‘सूर्यास्तानंतर?’

दिवाळीनंतर आत्याने थेट मलाच फोन केला. वंशावळ बाजूला राहू दे म्हणाली, आधी एक काम कर. तिची आई, म्हणजे माझ्या मित्राची आजी, गेल्या वर्षी नव्वदी ओलांडून गेली. अश्दोदला दगड बसवलाय, पूर्ण हिब्रू. अमुक बत तमुक. दिवेकरही हिब्रू अक्षरांत. ‘आईला हिब्रू वाचता यायचं नाही रे धड,’ आत्या म्हणाली. ‘सिद्दूरसुद्धा मराठी अर्थाचा घेऊन बसायची.’ तिला खाली एक मराठी ओळ घालायची होती. कोरणारा म्हणे फाइल द्या, मशीन जे दिसेल ते कोरेल.

ओळ आत्यानेच सांगितली. आईचं नाव, दिवेकर, आणि पुढे ‘हिची मुलगी’ असं लिहून आईच्या आईचं नाव. मी विचारलं, असं कुणाच्या दगडावर असतं का? ‘नसतं,’ आत्या म्हणाली. ‘किती अक्षरं होतात ते सांग, तो अक्षरावर पैसे घेतो.’

हा हिशोब सोपा नव्हता, कारण मराठीत काना-मात्रा-वेलांटी अक्षर धरायची की नाही यावर कोरणारा आणि आत्या यांचं दोन दिवस वाजलं. मी फाइल बनवून पाठवली. त्याच्या मशीनवर चाचणी घेतलेला फोटो आला तेव्हा दिवेकरच्या ‘दि’ची वेलांटी सुटून ‘द’च्या पलीकडे जाऊन बसली होती. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमी होतं, पऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, तिथे ते गडबडतात. मी अक्षरांच्या आकृत्या करून, फॉन्ट काढून टाकून, पुन्हा पाठवली. आत्याला म्हटलं, कोरण्याआधी मला फोटो पाठवायला सांगा, आणि तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा.